वाचक विचारतात: फाशीचा निकाल चुकला तर?

सत्र, उच्च आणि सर्वोच्च अशा तीन न्यायालयांत खटला तपासला जातो. मग निरपराध माणूस फाशीपर्यंत पोचेलच कसा? (एक वाचक, शाहूपुरी)

पोचतो, आणि आपल्याच राज्यात पोचला आहे. नाशिकजवळच्या २००३ च्या दरोडा आणि खून प्रकरणात भटक्या जमातीतल्या सहा जणांना सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तिघांना जन्मठेप दिली, तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. पुढे पुनर्विलोकन याचिका (त्याच न्यायालयाने आपला निकाल पुन्हा तपासावा, अशी मागणी) पुन्हा ऐकली गेली आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष ठरवलं. हल्ल्यातून वाचलेल्या बाईंनी पोलिसांच्या फोटोंमधून वेगळीच चार माणसं ओळखली होती. त्यांच्यामागे तपास गेलाच नाही. सहा जणांची सोळा वर्षं तुरुंगात गेली. मधल्या काळात फाशी झाली असती तर २०१९ चा निकाल कोणाच्या हाती द्यायचा होता?

वरची न्यायालयं नव्याने तपास करत नाहीत, खालून आलेलं दप्तर वाचतात. दप्तर कच्चं असेल तर चूक वरपर्यंत चढते. म्हणून बचाव पक्षाने सुरुवातीलाच काही गोष्टी बघाव्यात. ओळख परेड अटकेनंतर किती दिवसांनी झाली? त्याआधी आरोपीचा फोटो छापून आला होता का, किंवा साक्षीदाराला तो ठाण्यात दिसला होता का? परेडमध्ये आरोपीसोबत उभे केलेले डमी त्याच वयाचे, त्याच बांध्याचे होते का? जप्तीचे पंच पोलिसांचे नेहमीचेच आहेत का? डीएनएचा नमुना सीलबंद कधी झाला, प्रयोगशाळेत कधी पोचला आणि मधल्या दिवसांत कोणाच्या ताब्यात होता? पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा ठरत नाही. त्यातून वस्तू सापडली तर तेवढाच संबंधित भाग चालतो. नेमका हाच फरक उलटतपासात निसटतो.

सत्र न्यायालयाने फाशी दिली. घरची परिस्थिती बेताची आहे. पुढे काय करायचं? (एक वाचक, गडहिंग्लज)

उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय फाशी अमलात येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटल्यांच्या कार्यपद्धतीचा कायदा) कलम ४०७ नुसार सत्र न्यायालयालाच कागद वर पाठवावे लागतात. पण त्यावर विसंबून राहू नका. स्वतंत्र अपील ३० दिवसांत दाखल करा, कारण दोषी ठरवण्यालाच आव्हान तिथे नीट मांडता येतं. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं असून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांची प्रकरणं तिथे चालतात. मुंबईच्या खेपा वाचल्या.

कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा. शिक्षेच्या सुनावणीसाठी मानसिक तपासणी, तुरुंगातली वागणूक आणि परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवून घ्यायला वकिलांना सांगा. २०२२ पासून सर्वोच्च न्यायालयाचा तसा आदेश आहे.

सर्वोच्च न्यायालयात हरल्यावर तुरुंग अधीक्षक तसं कळवतात. तिथून ३० दिवसांत राज्यपालांकडे दयेचा अर्ज, तो फेटाळला तर ६० दिवसांत राष्ट्रपतींकडे. तारीख लिहून ठेवा.

घटनेच्या वेळी मुलगा लहान होता, पण कागदावर वय जास्त लागलं. आता उशीर झाला का? (एक वाचक, कागल)

नाही. बालन्याय कायद्याच्या कलम ९ नुसार हा मुद्दा केव्हाही, अंतिम निकालानंतरही मांडता येतो. पुण्यातल्या १९९४ च्या हत्याकांडात फाशीची शिक्षा झालेला एक जण त्यावेळी साडेबारा वर्षांचा होता, हे शाळेच्या रजिस्टरवरून सिद्ध झालं आणि तो २८ वर्षांनी, मार्च २०२३ मध्ये सुटला. पहिल्या शाळेतून जनरल रजिस्टरचा निर्गम उतारा काढा. तो किंवा दहावीचं प्रमाणपत्र नसेल तर नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. हाडांची तपासणी सगळ्यात शेवटी. तिच्यात वर्ष-दोन वर्षांचा फरक पडतो.

कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या बहिणींनाही फाशी नको म्हणायचं का? (एक वाचक, राजारामपुरी)

हो. तिथे गुन्हा सर्वोच्च न्यायालयापर्यंत सिद्ध झाला. सरकारने दयेचे अर्ज वर्षानुवर्षं रखडवले म्हणून २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली. त्या लेकरांच्या आईबापांचं दुःख कोणत्याही युक्तिवादाने हलकं होत नाही. पण नाशिकच्या त्या सहा जणांचा गुन्हाही २००९ मध्ये ‘सिद्ध’च होता. कोणता निकाल खरा आणि कोणता दहा वर्षांनी उलटणार, हे फाशीच्या दिवशी ओळखण्याचं साधन न्यायालयाकडे नाही.

निर्दोष सुटल्यावर भरपाई मिळते का? (एक वाचक, इचलकरंजी)

हक्काने मिळेल असा कायदा नाही. विधी आयोगाने २०१८ मध्ये त्यासाठी खास न्यायालयं सुचवली होती. विनाकारण अटक करवल्याबद्दल संहितेच्या कलम ३९९ मध्ये जास्तीत जास्त एक हजार रुपये भरपाई आहे. नाशिकच्या सहा जणांना प्रत्येकी पाच लाख मिळाले, तेही सर्वोच्च न्यायालयाने निकालातच राज्य सरकारला आदेश दिला म्हणून. एरवी राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात याचिका करावी लागते. तिला सुटकेच्या निकालाची प्रमाणित प्रत आणि तुरुंगाचा कालावधी दाखला जोडा.