शेवटच्या रविवारचं बेसबॉल: वाचकांचे प्रश्न

मेजर लीगचा, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या बेसबॉल लीगचा सीझन मार्चच्या शेवटी सुरू होतो आणि सप्टेंबर संपेपर्यंत चालतो, ३० टीम्स, प्रत्येकीच्या १६२ मॅचेस, आणि एवढं सगळं खेळून झाल्यावरही दरवर्षी कुणाचं तरी भवितव्य शेवटच्या रविवारी दुपारी ठरतं. म्हणूनच या दिवसांत तुमचे प्रश्न एकदम वाढतात. त्यातले सात घेतलेत. काही उत्तरं लांबली आहेत, ती मला छोटी करवेनात.

प्रश्न: टीमचा ‘मॅजिक नंबर ७’ असं दाखवतात, म्हणजे अजून ७ मॅचेस जिंकायच्याच का? आणि ‘साडेतीन गेम मागे’ म्हणतात, अर्धी मॅच कशी काय असते?

सातही स्वतःच जिंकायला पाहिजेत असं नाही. हा नंबर शून्यावर आला की पहिली जागा पक्की. आपली टीम जिंकली की नंबर एकने उतरतो आणि मागची टीम हरली की पण एकने उतरतो, एकाच रात्री दोन्ही झालं तर दोनने. हिशोब असा, १६३ मधून आपले विजय वजा करा, मग मागच्या टीमचे पराभव वजा करा. आपले विजय ९०, त्यांचे पराभव ६६, उरले ७. आणि १६२ ऐवजी १६३ का, तर १६२ ने नुसती बरोबरी पक्की होते, पुढे राहायला एक जास्त लागतो. पण हल्ली बरोबरी झाली तर कोण पुढे हे बऱ्याचदा आधीच ठरलेलं असतं, आणि ते आपल्या बाजूने असेल तर सरळ १६२ धरा, नंबर एकने कमी येईल.

अर्ध्या गेमचं म्हणाल तर विजयांमधला फरक आणि पराभवांमधला फरक यांची बेरीज करून दोनने भागतात. दोन्ही टीम्सच्या मॅचेस सारख्या झालेल्या नसल्या की अर्धा उरतो, बस.

हा ‘गेम मागे’चा आकडा किती बोलका असतो ते २०२५ मध्ये दिसलं. जुलैच्या सुरुवातीला क्लीव्हलंड गार्डियन्स डेट्रॉइट टायगर्सच्या साडेपंधरा गेम मागे होते. शेवटी गार्डियन्स ८८-७४, टायगर्स ८७-७५, आणि डिव्हिजन, म्हणजे दोघांचा गट, क्लीव्हलंडची! एवढं अंतर कापून पहिला नंबर याआधी कुणीच मिळवला नव्हता. आणि मग लगेच प्लेऑफच्या, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांच्या पहिल्या राउंडमध्ये, वाइल्ड कार्ड सिरीजमध्ये त्याच टायगर्सनी त्याच गार्डियन्सना २-१ असं घरी बसवलं. डेट्रॉइटवाल्यांचा पूर्ण सप्टेंबर कसा गेला असेल याचा विचार केला तर त्या सिरीजनंतर त्यांना किती हायसं वाटलं असेल ते कळतं.

प्रश्न: दोन टीम्सचे विजय-पराभव अगदी सारखे झाले तर एक मॅच खेळवून निकाल का लावत नाहीत? एक टीम न खेळताच बाहेर, हा अन्याय नाही का?

पूर्वी खेळवायचे. तिला गेम १६३ म्हणायचे आणि २०१८ मध्ये तर एकाच दिवशी अशा दोन मॅचेस झाल्या होत्या. २०२२ पासून प्लेऑफमध्ये १२ टीम्स आल्या, अमेरिकन आणि नॅशनल या दोन्ही लीगमधून प्रत्येकी तीन डिव्हिजन विजेते आणि तीन वाइल्ड कार्ड (डिव्हिजन न जिंकलेल्यांपैकी सगळ्यात चांगले), वेळापत्रक एकदम घट्ट झालं आणि गेम १६३ गेली. आता आधी बघतात त्या दोन टीम्स एकमेकींशी खेळल्या तेव्हा कोण जास्त जिंकलं, तिथेही बरोबरी असेल तर आपापल्या डिव्हिजनमधला रेकॉर्ड, आणि तसंच पुढे.

न्यूयॉर्क मेट्सचं २०२५ बघा. १२ जूनला ४५-२४, अख्ख्या मेजर लीगमध्ये सगळ्यात चांगला रेकॉर्ड. संघात वान सोटो, ज्याच्याशी १५ वर्षांचा ७६.५ कोटी डॉलरचा करार केलेला. तिथून पुढे ते ३८ जिंकले आणि ५५ हरले. तरी शेवटच्या दिवशी, २८ सप्टेंबरला, शेवटच्या वाइल्ड कार्डचं दार उघडं होतं कारण सिनसिनाटी रेड्स त्यांच्याबरोबरच अडकलेले होते, आणि रेड्स त्या दिवशी मिलवॉकीत हरले सुद्धा, म्हणजे मेट्सना फक्त मायामीत मार्लिन्सना हरवायचं होतं आणि ते ४-० ने हरले, एकही रन नाही. दोघे ८३-७९. आपसातल्या सहा मॅचेसपैकी रेड्सच्या चार, मेट्सच्या दोन. संपलं.

त्यातल्या तीन जुलैतल्या होत्या. जुलैत कोण म्हणेल की आजची ही मॅच हरलो तर ऑक्टोबर गेला? अमेरिकन लीगमध्ये तेच वर्ष, टोरंटो ब्लू जेज आणि न्यूयॉर्क यँकीज दोघे ९४-६८, आपसात टोरंटो ८-५, म्हणून डिव्हिजन टोरंटोची, पहिल्या राउंडला सुट्टी त्यांना, आणि यँकीजना वाइल्ड कार्ड सिरीज खेळून यावं लागलं. पुढच्या राउंडमध्ये जेजनी त्यांना हरवलं आणि वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे फायनलच्या, सातव्या मॅचपर्यंत गेले.

अन्यायाबद्दल माझं मत विचारलंत म्हणून सांगतो. नियम सगळ्यांना आधीपासून माहीत आहे आणि निकाल मैदानावरच लागलेला असतो, त्यामुळे अन्याय म्हणवत नाही, पण गेम १६३ घालवली हे मला अजिबात पटलेलं नाही. सहा महिन्यांनी दोन टीम्स नेमक्या एकाच आकड्यावर येतात, याहून चांगली मॅच कुठली असणार, आणि तीच खेळायची नाही म्हणजे काय? एक दिवस काढता आला असता. मला तरी वाटतं अजूनही काढावा.

प्रश्न: सप्टेंबरमध्ये टीम्स नवीन प्लेयर आणतात, मग ते प्लेऑफमध्ये का दिसत नाहीत?

दोन वेगळे नियम आहेत, त्यांची गल्लत होते. एक, १ सप्टेंबरपासून रोस्टर, म्हणजे टीममधल्या प्लेयर्सची यादी, २६ वरून २८ होतो. २०२० च्या आधी तो चक्क ४० पर्यंत जायचा, डगआउटमध्ये बसायला जागा नसायची आणि शेवटच्या इनिंग्जमध्ये दर दोन बॅटरमागे नवा पिचर (बॉल टाकणारा) यायचा, ते बंद केलं ते बरं केलं. दुसरा नियम, प्लेऑफ खेळायचं तर प्लेयर ३१ ऑगस्टच्या मध्यरात्रीपर्यंत त्या क्लबच्या संस्थेत असला पाहिजे. संस्थेत म्हणजे खालच्या मायनर लीग टीममध्ये असला तरी चालतं, कारण मग एखाद्या जखमी खेळाडूच्या जागी त्याला परवानगी मिळू शकते.

याच वाटेने २००२ मध्ये पिचर फ्रान्सिस्को रॉड्रिगेझ आला. वय २०, एंजल्सकडून पदार्पण १८ सप्टेंबरला, रेग्युलर सीझनमध्ये नावावर एकही विजय नाही, आणि प्लेऑफमध्ये या पोराने पाच मॅचेस जिंकून दिल्या, एंजल्स वर्ल्ड सिरीज जिंकले. समोरच्या बॅटरांनी त्याची स्लायडर, म्हणजे बाजूला वळणारा बॉल, कधी बघितलेलीच नव्हती ना.

ट्रेडचं दार मात्र आता जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टच्या अगदी सुरुवातीलाच बंद होतं. २०१९ च्या आधी ऑगस्टमध्ये वेव्हर्समधून, म्हणजे आधी बाकीच्या क्लब्सना त्या प्लेयरवर हक्क सांगायची संधी देऊन, एक मागची खिडकी असायची. पिचर जस्टिन व्हर्लँडर २०१७ मध्ये ३१ ऑगस्टच्या मध्यरात्रीला काही क्षण बाकी असताना डेट्रॉइटहून ह्यूस्टनला गेला आणि त्याच वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकला, ते या खिडकीतूनच.

प्रश्न: बाहेर पडलेल्या टीम्स पुढच्या ड्राफ्टसाठी (नवे प्लेयर निवडायची पाळी) मुद्दाम हरतात का?

मैदानावरचा प्लेयर मुद्दाम हरत नाही, त्याचं करिअर असतं. ऑफिसातून टीमच कमजोर ठेवणं हे मात्र होत आलंय, आणि त्यावर उपाय म्हणून २०२३ च्या ड्राफ्टपासून पहिले सहा नंबर लॉटरीने ठरतात, सगळ्यात जास्त हरलं म्हणून पहिला नंबर मिळेलच असं आता नाही.

प्रश्न: कॅचर (विकेटकीपरसारखा) असून ६० होमरन (सिक्ससारखे फटके) मारले तरी कॅल रॅलीला २०२५ चा एमव्हीपी, म्हणजे लीगमधल्या सर्वात मोलाच्या खेळाडूचा मान, मिळाला नाही, असं कसं?

हा प्रश्न सहा जणांनी विचारलाय आणि त्यातल्या काहींचा राग मला समजतो. आधी साधी गोष्ट, मतदान बेसबॉल लेखकांची संघटना करते आणि मतं प्लेऑफ सुरू व्हायच्या आधी द्यायची असतात, म्हणजे ऑक्टोबरमध्ये कोण काय खेळलं याचा संबंध नाही. पहिल्या पसंतीची मतं यँकीजच्या ऑरन जजला १७ आणि रॅलीला १३. जजने ५३ होमरन मारले आणि वर बॅटिंग टायटलही (लीगमधला सगळ्यात चांगला अॅव्हरेज) घेतलं, ०.३३१, त्यामुळे त्याला दिलं यात चूक काढता येत नाही.

पण मी असतो तर रॅलीला दिलं असतं. कॅचर रोज सव्वाशेच्या वर पिचेस पकडतो, प्रत्येक वेळी उकिडवा बसून, गुडघे, बोटं, खांदे सगळ्याला मार, शिवाय प्रत्येक पिचरच्या डोक्यात काय चाललंय ते सांभाळायचं. त्याच्या आधी मुख्यतः कॅचर म्हणून खेळणाऱ्याचा रेकॉर्ड ४८ होता, साल्वादोर पेरेझचा, २०२१ मधला. रॅली ६० वर गेला, तेही डावखुरी आणि उजवी अशी दोन्ही बाजूंनी बॅटिंग करून. साठावा त्याने २४ सप्टेंबरला मारला आणि त्याच रात्री सिएटल मरिनर्सनी २००१ नंतर पहिल्यांदा आपली डिव्हिजन जिंकली. मरिनर्स आजवर एकदाही वर्ल्ड सिरीजमध्ये पोहोचलेले नाहीत, त्या वर्षी एका मॅचने हुकले, त्यामुळे त्या शहराला ती रात्र काय वाटली असेल!

प्रश्न: नऊ इनिंग्जनंतर बरोबरी असली की होणाऱ्या एक्स्ट्रा इनिंगमध्ये सेकंड बेसवर फुकटचा रनर ठेवतात तो प्लेऑफमध्येही असतो का?

नाही, आणि देवाचे आभार. रेग्युलर सीझनमध्ये २०२० पासून दहाव्या इनिंगपासून तो असतो, म्हणजे रनचं अर्धं अंतर आधीच कापलेलं, थकलेल्या पिचरांसाठी ते समजू शकतो, पण प्लेऑफमध्ये जुनाच खेळ. २०२५ च्या वर्ल्ड सिरीजची तिसरी मॅच लॉस एंजेलिसमध्ये १८ इनिंग्ज चालली, सहा तासांच्या वर. डॉजर्सचा शोहेई ओटानी नऊ वेळा बेसवर पोहोचला, त्यात दोन होमरन, आणि पुढे पुढे जेजनी त्याला सरळ वॉक, म्हणजे मारायला बॉल न देता फुकट पहिला बेस, द्यायला सुरुवात केली. डॉजर्सकडे शेवटी बुलपेनमध्ये (राखीव पिचरांची जागा) राहिला विल क्लाइन, फारसं कुणाला माहीत नसलेला रिलीव्हर, म्हणजे बदली पिचर, त्याने चार इनिंग्ज टाकल्या, ७२ पिचेस, एकही रन दिला नाही. मग अठराव्यात फ्रेडी फ्रीमनचा होमरन, ६-५. फुकटचा रनर असता तर अकराव्या-बाराव्यातच निकाल लागला असता बहुतेक आणि क्लाइन कोण हे आपल्याला कळलंच नसतं.

प्रश्न: अॅव्हरेज चांगला आहे म्हणून शेवटच्या दोन-तीन मॅचेस बाहेर बसून बॅटिंग टायटल वाचवता येतं का?

येतं. अट एवढीच की टीमच्या प्रत्येक मॅचमागे ३.१ प्लेट अपिअरन्स (बॅटिंगला येणं), म्हणजे सीझनला ५०२. कमी पडले तर जेवढे कमी तेवढे कोरे धरून अॅव्हरेज काढतात, आणि तरी पहिला आलात तर टायटल तुमचं. टोनी ग्विनला १९९६ मध्ये असंच मिळालं, ४९८ च होते त्याचे, चार शून्य लावूनही तोच पुढे.

पण बसावं का? १९४१ चा शेवटचा रविवार, तारीख २८ सप्टेंबर, फिलाडेल्फियातलं शाइब पार्क. बोस्टन रेड सॉक्सचा टेड विल्यम्स २३ वर्षांचा. आदल्या दिवसापर्यंत ४४८ अॅट बॅटमध्ये (वॉक वगैरे सोडून बॅटिंगच्या वेळा) १७९ हिट (मारून बेस गाठणं), म्हणजे ०.३९९५५, आणि तीन दशांश स्थळांपर्यंत धरलं तर ०.४००. मॅनेजर जो क्रोनिनने सांगितलं की हवं तर बस, रेकॉर्ड होतोय. विल्यम्सने नाही म्हटलं. त्या दिवशी डबलहेडर होता, एकामागून एक दोन मॅचेस, एक हिट कमी पडली असती तर सगळं हातचं गेलं असतं. आदल्या रात्री तो क्लबहाउस सांभाळणाऱ्या मित्राबरोबर फिलाडेल्फियाच्या रस्त्यांवरून चालत राहिला होता. पहिल्या मॅचमध्ये पाचात चार. तिथेच ०.४०० पक्कं झालं होतं, आता तरी बसायचं ना, तर दुसरीही खेळला, तीनात दोन. आठात सहा, सीझनचा आकडा ०.४०६, आणि अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये त्यानंतर आजपर्यंत कुणीही अख्ख्या सीझनला चारशे गाठलेलं नाही.