टोर्नेडोचा (ढगातून सोंडेसारख्या जमिनीला टेकणाऱ्या फिरत्या वादळाचा) पाठलाग करणाऱ्या अनुभवी लोकांनाही धोका असतो का?

हो, आणि अनुभवाने तो पूर्ण टळत नाही. 31 मे 2013 रोजी अमेरिकेत ओक्लाहोमातल्या एल रेनोजवळ टिम समारास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग हे तिघे टोर्नेडोत सापडून मरण पावले. समारास हौशे-नवशे नव्हते. 2003 मध्ये साउथ डकोटात टोर्नेडोच्या वाटेत यंत्र ठेवून त्यांनी हवेच्या दाबात सुमारे 100 मिलिबारची घट नोंदवली होती. पण एल रेनोचं वादळ सुमारे 4.2 किलोमीटर रुंद झालं, पावसाच्या पडद्याआड लपलं आणि अचानक दिशा बदलून वेगाने पुढे आलं. त्याच्या पोटात आणखी छोटे, फार जोरकस भोवरे फिरत होते. समोर दिसणारी सोंड म्हणजेच अख्खं वादळ, हा समज म्हणूनच घातक आहे.

रस्त्यावरचा धोकाही तितकाच खरा: गर्दी, निसरडे रस्ते, रात्रीचा थकवा. 2017 मध्ये टेक्सासात पाठलाग करणाऱ्यांच्या दोन गाड्यांची टक्कर होऊन तिघे गेले. 2022 मध्ये पाठलागाहून परतताना ओक्लाहोमा विद्यापीठाचे हवामानशास्त्राचे तीन विद्यार्थी अपघातात गेले. याचं मला फार वाईट वाटतं, कारण टोर्नेडोने त्यांना स्पर्शही केला नव्हता.

तिकडे शिकायला गेलेल्या आपल्या मुलांना कळकळीने सांगते: ‘टोर्नेडो वॉर्निंग’ (टोर्नेडोचा धोक्याचा इशारा) आली की व्हिडिओसाठी बाहेर पडू नका. तळघरात जा, नाहीतर सर्वांत खालच्या मजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत. उड्डाणपुलाखाली मात्र थांबू नका, तिथे वाऱ्याचा जोर वाढू शकतो.