सासूबाईंचा कापूस काट्यावर चढलाच नाही

प्रश्न: मी चोपडा तालुक्यातली, घरूनच एका स्वीडिश कंपनीचं काम करते. तिकडचा माझा टीम लीड बाळ झालं म्हणून सहा महिने रजेवर गेला, कोणाला काहीच वाटलं नाही. इकडे मी साडेसातच्या मीटिंगला बसले की सासूबाई सुरू, "भाकरी कोण थापील?" मिस्टर गप्प. आपल्या लोकांची मानसिकता कधी बदलणारच नाही का?

उत्तर: ताई, आधी सासूबाईंना विचारा की त्यांनी जन्मभर काय काय केलं. कापसाच्या पट्ट्यातली बाई घरात बसलेली असणं अवघडच. दिवाळीच्या पुढेमागे सकाळीच वावरात, कमरेला ओटी, वाळलेल्या बोंडाच्या टोकांनी बोटं सोललेली, आणि संध्याकाळी मजूर बायांची गाठोडी काट्यावर चढतात, किलोमागे मजुरी मिळते, पण घरच्या बाईचं गाठोडं सरळ ढिगावर, वजन नाही, पैसे नाहीत, आणि घरी येऊन परत चूल आहेच. बाईने काम केलेलं आपल्याकडे सगळ्यांना हवंच असतं हो, त्याचा हिशोब तेवढा नको असतो. तुमचा पगार तुमच्या खात्यात येतो, हे त्या घराला नवीन आहे.

आणि स्वीडनचे पुरुष काही जन्मापासून असे नव्हते. तिकडेही बाई घरी नि बाप कामावर असंच चालायचं. १९७१ ला नवराबायकोचा टॅक्स वेगवेगळा केला, म्हणजे बायकोची कमाई नवऱ्याच्या कमाईत मिळवून टॅक्स लावणं बंद झालं, १९७४ ला बाळासाठीची रजा आईबाप दोघांनाही खुली केली, तरी बाप लोक फारसे घेईनात, मग १९९५ ला एक महिना असा राखून ठेवला की बापाने नाही घेतला तर बुडाला, बायकोला देता येणार नाही. आता दोघांच्या मिळून ४८० दिवसांच्या रजेतले प्रत्येकी ९० दिवस तसे राखीव आहेत. आपल्याकडे २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना आईला २६ आठवडे पगारी रजा आहे, खाजगी नोकरीतल्या बापाला मात्र कायद्याने एक दिवसही नाही, मग मूल नि चूल कोणाची हे आपोआपच ठरतं ना.

लांब कशाला, आपल्याच सातपुड्यात पावरा समाजात मुलाकडचे मुलीच्या बापाला देज देतात, कारण त्याच्या घरातले कामाचे दोन हात जातात. खाली मैदानात त्याच हातांसोबत हुंडा द्यावा लागतो. देजाचेही पैसे मुलीच्या हातात पडत नाहीत, म्हणून ते आदर्श वगैरे मी म्हणणार नाही, पण रीत सगळीकडे एकच नसते हे तरी दिसतं.

मला खरा राग मिस्टरांच्या गप्प बसण्याचा आलाय. मीटिंगच्या दिवशी स्वयंपाक त्यांचा, आणि हे आईला त्यांनीच सांगायचं, तुम्ही नाही. भाकरी जमत नसेल तर कुकरला खिचडी लावायची.

अजून एक, सातबाऱ्यावर सासूबाईंचं नाव आहे का बघा. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम याच्यासाठीच काढली होती, नवऱ्याने जमीन बायकोच्या नावावर करावी म्हणून. नाव नसेल तर सासऱ्यांशी बोला आणि त्यांना घेऊन तलाठी ऑफिसात चौकशी करा.