खबर दर्याची : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा मुलगा सप्टेंबरपासून मालवाहू जहाजावर डेक कॅडेट (शिकाऊ अधिकारी) आहे. न्हावा शेव्याहून निघून ते कोलंबोमार्गे सिंगापूरला चाललेत. फोनवर बंगालच्या उपसागरात एक वादळ दिसतं आणि त्याच्या पुढे रुंद होत गेलेला पांढरा पट्टा. वादळ इतकं मोठं होणार आहे का? मला झोप लागत नाही. जहाजावरच्यांना हे सगळं कळतं का?
— एक आई, ऐरोली

उत्तर : ताई, आधी त्या पांढऱ्या पट्ट्याचं सांगतो, कारण तुमची झोप त्यानंच उडवली आहे. तो वादळाचा आकार नाही. वादळाचं केंद्र आत्ता कुठे आहे हे नीट ठाऊक असतं, उद्या कुठे असेल हे बऱ्यापैकी सांगता येतं, आणि तीन दिवसांनी कुठे असेल यात खूप मागेपुढे होऊ शकतं. ही जी शंका वाढत जाते, तिची रुंदी म्हणजे तो पट्टा. वादळ लहानच राहिलं तरी पट्टा पुढे रुंदच दिसणार. मात्र पट्ट्याच्या बाहेर सगळं शांत, असंही धरू नका. तो फक्त केंद्राचा मार्ग दाखवतो, वारा आणि लाटा त्याच्या पुष्कळ बाहेर पोचतात.

जहाजावर कळतं का? तुमच्या फोनपेक्षा चांगलं कळतं. आपल्या बाजूच्या हिंदी महासागरासाठी चक्रीवादळाची बातमीपत्रं दिल्लीहून भारतीय हवामान खातं काढतं आणि ती उपग्रहावरून थेट ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीत, येतात. सेकंड ऑफिसर ती नकाशावर मांडतो. आमच्या धंद्यात त्यासाठी एक-दोन-तीनचा नियम आहे. वादळाच्या २४ तासांनंतरच्या जागेभोवती १०० सागरी मैल, ४८ तासांनंतरच्या जागेभोवती २००, ७२ तासांनंतरच्या जागेभोवती ३००, आणि त्यात ३४ नॉटचा (ताशी ३४ सागरी मैलांचा) वारा जिथवर पोचतो ते अंतर मिळवायचं. एवढ्या जागेत जहाज न्यायचं नाही. १०० सागरी मैल म्हणजे १८५ किलोमीटर, ठाण्याहून नाशिकच्याही पलीकडे. आताचे अंदाज पूर्वीपेक्षा पुष्कळ नेमके झालेत, तरी मी हा नियम कधी सैल केला नाही, आणि तुमच्या मुलाच्या कॅप्टननंही करू नये असं मला मनापासून वाटतं.

कोलंबोहून सिंगापूरचा रस्ता श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून साधारण सहा अंश उत्तरेवरून सुमात्राच्या डोक्याकडे जातो. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ वादळाला फिरकी मिळायला कठीण जातं, पाच अंशांच्या खाली तर ती क्वचितच तयार होतात. आणि बरीचशी तयार झाल्यावर पश्चिमेला किंवा उत्तरेला सरकतात. मुलाला लाटा लागतील, पहिल्यांदा उलट्याही होतील. हे छापून येईपर्यंत तो सिंगापूरला उतरून जेवलाही असेल.

त्याचा फोन आला की त्याला एक विचारा : बॅरोमीटर काल याच वेळेला किती होता? मी थर्ड ऑफिसर होतो तेव्हाची गोष्ट, हाच उपसागर, हाच नोव्हेंबर. उष्ण कटिबंधातल्या समुद्रावर हवेचा दाब रोज दोनदा चढतो, दोनदा उतरतो. सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमारास सगळ्यांत जास्त, पहाटे चार आणि दुपारी चारला सगळ्यांत कमी. घड्याळासारखं चालतं ते. माझी आठ ते बाराची वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, होती. आभाळ स्वच्छ, समुद्र तेलासारखा, फक्त आग्नेयेकडून एक लांब, सुस्त लाट जहाजाला हळूच उचलून खाली ठेवत होती. दहाची नोंद करायला गेलो तर काटा चढलेलाच नव्हता. वही मागे उलटली. आदल्या दिवशीच्या दहाच्या आकड्यापेक्षा ३ मिलिबार कमी. पुस्तकात लिहिलेलं असतं की नेहमीच्या दाबाहून ३ कमी झाला तर वादळाचा संशय घ्या, ५ कमी झाला तर संशय उरत नाही. मी कॅप्टनच्या केबिनला फोन लावला. ते आले, वहीतल्या दोन्ही आकड्यांवर बोट ठेवून दोनदा वाचलं, आणि अर्ध्या तासात आम्ही दक्षिणेला वळलो. बातमीपत्रात ते वादळ आलं ते संध्याकाळी.

आणि हो, बातमीपत्रावरची वेळ ग्रीनिचची असते, आपल्याहून साडेपाच तास मागे. शून्य वाजताचं म्हणजे आपलं पहाटे साडेपाचचं. फोनवरचं चित्र कितीचं आहे ते बघा, शिळं चित्र बघून काळजी करू नका.

प्रश्न : वादळांना नावं कोण देतं? — एक विद्यार्थिनी, घणसोली

उत्तर : आपल्या भागातल्या १३ देशांनी प्रत्येकी १३ नावं दिली आहेत, एकूण १६९. ही यादी एप्रिल २०२० मध्ये आली. तिच्यातलं पहिलंच नाव बांगलादेशचं, ‘निसर्ग’. तेच वादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आलं. वारा ताशी ६२ किलोमीटरला पोचला की नाव मिळतं, त्याआधी नाही.

प्रश्न : गेल्या मे महिन्यात अंदाजात वारा ताशी १५ किलोमीटर होता, आभाळ मोकळं. होडी घेऊन बंदराच्या तोंडाशी पोचलो तर लाट अशी उभी राहिली की पुढचा खलाशी आडवा झाला. त्याचा हात मोडला. अंदाज खोटा होता ना?
— एक नाखवा, दिवाळे गाव

उत्तर : नाखवा, खलाशाचा हात बरा झाला का ते आधी कळवा.

वाऱ्याचा अंदाज खरा होता. ती लाट त्या वाऱ्याची नव्हती. एप्रिल-मेमध्ये दक्षिण महासागरात, चाळीस अंशांच्याही खाली, मोठी वादळं चालू असतात. तिथली लांब लाट पाच-सहा दिवस चालत आपल्या किनाऱ्याला येते. केरळात तिला ‘कल्लक्कडल’ म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र. खोल पाण्यात ती जाणवत नाही. तुम्ही निघालात तेव्हा ओहोटी चालू असणार. खाडीचं पाणी बाहेर येतंय आणि समोरून लाट आत शिरतेय, मग ती आखडते आणि उभी राहते.

म्हणून वारा बघून थांबू नका. हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राचे अंदाज देणारी सरकारी संस्था लाटांचा वेगळा अंदाज देते, त्यात उंचीबरोबर दोन लाटांमधले सेकंद दिलेले असतात. इथल्या वाऱ्याची लाट पाच-सात सेकंदांनी येते. १५ किंवा जास्त दिसले तर लाट लांबून आली आहे असं समजा, आणि भरतीवर किंवा पाणी थांबल्यावर निघा. उंची दोन मीटर लिहिली असेल तर तो सगळ्यांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांचा सरासरी आकडा असतो. अधूनमधून एखादी जवळजवळ दुप्पटही येते, तुमच्या खलाशाला तीच लागली असावी.

त्या दिवशी ओहोटी किती वाजता लागली होती आणि दोन लाटांमध्ये अंदाजे किती वेळ जात होता, हे आठवत असेल तर लिहून पाठवा. मी त्या तारखेचं भरती-ओहोटीचं कोष्टक काढून ताडून बघतो.