परदेशी मदतीवरचं सैन्य तपासायचं, तर बी.कॉम. वाया जात नाही

ताई, नमस्कार.

मुलगा कराडला टी.वाय.बी.कॉम.ला आहे, सीए करायचं ठरलं होतं, आणि आता तो म्हणतो संरक्षण विश्लेषक व्हायचंय. काबूल कसं पडलं यावर रात्र रात्र वाचत बसतो. हे काम नेमकं काय, त्यात पोट भरतं का, आणि कॉमर्स वाया गेलं का, असे तीन प्रश्न तुम्ही पत्रात विचारलेत. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: अजिबात नाही. दुसऱ्या देशाच्या पैशावर उभं असलेलं सैन्य लढेल का, हे ठरवणं हे संरक्षण विश्लेषकाचं एक काम, आणि ते म्हणजे बरंचसं ऑडिटच.

तो वाचतोय तेच उदाहरण घेऊ. अफगाण सुरक्षा दलांचं मंजूर संख्याबळ ३,५२,००० होतं. एप्रिल २०२१मध्ये पटावर सुमारे तीन लाख माणसं दाखवलेली होती. २००२पासून अमेरिकेने या दलांसाठी ८८ अब्ज डॉलरहून जास्त तरतूद केली होती. तरी १५ ऑगस्ट २०२१ला काबूल तालिबानच्या हाती पडलं. कारण या आकड्यांनी मोजलं होतं ते काय दिलं ते. सैन्याला स्वतःच्या बळावर काय जमतं, ते त्यात नव्हतं.

माणसांपासून सुरुवात करायची. एकेका तुकडीसाठी चार रकाने आखायचे: मंजूर किती, पगारपत्रकावर किती, बोटांचे ठसे घेऊन नोंदलेले किती, आणि आज चौकीवर प्रत्यक्ष हजर किती. रोजगार हमीच्या मस्टरवरची खोटी नावं आपल्याकडे कुणाला समजावून सांगावी लागत नाहीत. इथेही तोच प्रकार. पगार रोखीने वरून खाली येत असेल, तर प्रत्येक मेलेल्या आणि पळून गेलेल्या शिपायाचं नाव पटावर ठेवण्यात कुणाचा तरी फायदा असतो. इराकमध्ये २०१४च्या जूनमध्ये मोसूल शहर आयसिसच्या हाती पडलं आणि वर्ष संपता संपता पंतप्रधान अबादी यांनी चार डिव्हिजनांत मिळून ५०,००० अशी नावं सापडल्याचं संसदेत सांगितलं. म्हणून पहिल्या आणि चौथ्या रकान्यातला फरक हा पहिला निष्कर्ष.

मग यंत्रं, आणि खरी गोम इथे आहे. अफगाण हवाई दलाला रशियन एमआय-१७ हेलिकॉप्टरं सोव्हिएत काळापासून ओळखीची होती. त्यांची बरीचशी दुरुस्ती अफगाण मेकॅनिक स्वतः करत. २०१७पासून त्यांच्या जागी अमेरिकी ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरं येऊ लागली. यंत्र नवं, पण त्याची देखभाल जवळजवळ सगळी परदेशी कंत्राटदारांच्या हाती. २०२१च्या उन्हाळ्यात कंत्राटदार निघाले, तशी उड्डाणाला तयार ब्लॅक हॉकची टक्केवारी एप्रिल-मेमधल्या ७७वरून जूनमध्ये ३९वर आली. सगळ्याच प्रकारची विमानं ठरलेल्या सर्व्हिसिंगच्या मुदतीपेक्षा किमान २५ टक्के जास्त उडवली जात होती. हेलिकॉप्टर थांबलं की दूरच्या चौकीला दारूगोळा नाही, रेशन नाही, जखमीला बाहेर काढता येत नाही. अशा चौकीतला शिपाई शस्त्र खाली ठेवतो, त्याला फक्त भित्रेपणा म्हणणं मला पटत नाही.

तेव्हा प्रत्येक कामापुढे एक रकाना हवाच: हे करतं कोण? पगार, डिझेल, सुटे भाग, टेहळणी, हवाई मारा. स्वतःचे लोक, देणगीदार देश की कंत्राटदार? मग देणगीदार उद्या निघून गेला असं धरायचं आणि प्रत्येक ओळीपुढे लिहायचं, किती दिवस चालेल. सर्वांत कमी दिवसांची ओळ हीच त्या सैन्याची खरी तयारी. सरासरी काढली की फसलाच.

चुका कुठे होतात तेही त्याला सांगा. प्रशिक्षण देणाराच शेरा देतो, त्यामुळे त्याची बदली जवळ आली की शेरे सुधारतात. मोजपट्टी मध्येच बदलते: अफगाण तुकड्यांचा सर्वोच्च शेरा आधी ‘स्वतंत्र’ होता, तो पुढे ‘सल्लागारांसह स्वतंत्र’ झाला. मग जुन्या-नव्या आकड्यांची तुलना कशी करणार? सल्लागार फक्त वरच्या मुख्यालयात बसू लागले, की खाली बटालियनमध्ये (अफगाण सैन्यात तिला ‘कंदक’ म्हणत) काय चाललंय ते दिसेनासं होतं. आणि लढायची इच्छा कुठल्याच तक्त्यात बसत नाही. २०२२मध्ये युक्रेनची राजधानी कीव्हबद्दल अनेकांचा अंदाज उलट्या बाजूने चुकला: रशियापुढे ती लगेच पडेल म्हणत होते, ती टिकली.

सराव घरबसल्या होतो. कराडच्या एसटी आगारात पहाटे दोन आठवडे उभं राहून त्याने लिहून काढावं: शेड्यूल किती फेऱ्यांचं, किती गाड्या सुटल्या, किती वेळेवर, किती वाटेत बंद पडून परत आल्या. नोंदीतली गाडी आणि रस्त्यावरची गाडी यातला फरक तिथे डोळ्यांना दिसतो. मग अमेरिकेच्या सिगार या अफगाण पुनर्बांधणीवर देखरेख ठेवलेल्या महानिरीक्षक कार्यालयाचे जुने तिमाही अहवाल वाचावेत. आपल्या कॅगचा २०१७चा दारूगोळ्यावरचा अहवालही वाचावा: ४० दिवसांच्या युद्धसाठ्याचं प्रमाण, आणि सप्टेंबर २०१६ला १५२पैकी ६१ प्रकारांचा साठा दहा दिवसांहून कमी. सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, पण त्यातला एक ठिपका दहा मीटरचा. त्यात धावपट्टी दिसते. हेलिकॉप्टर कुठलं, ते नाही.

शिक्षणाचं म्हणाल तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग आहे, तिथे एम.ए. करता येईल. सोबत रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकावी. युक्रेन युद्धाची किती तरी माहिती त्याच भाषेत आहे. लाखोंचं कर्ज काढून लंडनला पाठवायची घाई आत्ता करू नका. अभ्यास संस्थांतल्या जागा थोड्या, सुरुवातीला कंत्राटी आणि पगार बेताचा, हे स्पष्ट सांगतो. म्हणून दुसरा पाय भक्कम हवा. यूपीएससीतून भारतीय लेखापरीक्षण व लेखा सेवा किंवा संरक्षण लेखा सेवा मिळाली, तर हेच काम सरकारी हुद्द्यावर करता येतं, आणि त्याला कुठलीही पदवी चालते. सीएची तयारी सुरू असेल तर ती सोडायला लावू नका.

एक गोष्ट मात्र कडक शब्दांत सांगा. तुमच्या भागात घराघरांत फौजी आहेत. मामा-काकांना त्यांच्या युनिटचं संख्याबळ, गाड्या, दारूगोळा याबद्दल एक शब्दही विचारायचा नाही आणि कानावर आलं तरी लिहायचं नाही. १९२३चा शासकीय गुपिते कायदा लागू आहे, आणि त्यात मामांची नोकरीही जाऊ शकते. छापून आलेल्या, सर्वांना खुल्या माहितीवरच काम करायचं. आगारातली वही भरली की त्याला ती घेऊन माझ्याकडे पाठवा.