गणपतीनंतर स्वयंवाचन का थंडावते?

ताई, आपण लिहिले आहे की पहिली-दुसरीच्या जोडवर्गात (दोन्ही इयत्ता एकत्र बसतात त्या वर्गात) जूनपासून रोज २० मिनिटे स्वयंवाचन आणि स्वलेखन सुरू केले, गणपतीपर्यंत मुले त्यात मनापासून रमली, पण सुट्टीनंतर नुसती पाने उलटणे, सारखे पाणी प्यायला जाणे आणि दर दोन मिनिटांनी ‘बाई, झालं’ म्हणत टेबलापाशी येणे सुरू झाले. मुलांना पुन्हा गोडी लागावी म्हणून चांदण्या किंवा खाऊ द्यावा का, असे आपण विचारले आहे. माझी २२ वर्षे रत्नागिरी जिल्ह्यातील खाडीकाठच्या द्विशिक्षकी शाळांमध्ये गेली आणि हा प्रश्न दर वर्षी साधारण याच दिवसांत माझ्यासमोर उभा राहतो, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

बक्षिसे देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. एका वर्षी मी प्रत्येक वाचलेल्या पुस्तकामागे एक चांदणी असा तक्ता लावला होता. दोन आठवड्यांत मुले पेटीतील सर्वांत पातळ पुस्तके हुडकू लागली. प्राण्यांच्या जाड पुस्तकातील एकाच चित्रासमोर दहा-दहा मिनिटे हरवून बसणारा एक मुलगा चार पानांचे तेच ते पुस्तक दिवसातून तीनदा ‘वाचून’ आणू लागला. तक्ता मी उतरवला, पण त्या मुलाला जाड पुस्तकाकडे परतायला दिवाळी उजाडली.

माझ्या अनुभवात लहान मुले वाचनाला कंटाळत नाहीत. तीच पुस्तके पुन:पुन्हा समोर येतात आणि आपण वाचलेले-लिहिलेले कोणापर्यंतच पोहोचत नाही, याला ती कंटाळतात. म्हणून दिवसातली ठरलेली वेळ, जागा आणि नियम आहेत तसेच ठेवावेत. बदल करायचा तो आतल्या साहित्यात, आणि मुलांच्या लिखाणाला खरा वाचक मिळवून द्यायचा.

किती मिनिटे, याबद्दल मात्र एक सांगते. सुट्टीनंतर एकदम २० मिनिटांवर जाऊ नका, पाच मिनिटांपासून पुन्हा सुरुवात करा. कोठे बसायचे, पुस्तक कसे घ्यायचे, शब्द अडला तर कोणाला विचारायचे, हे जूनप्रमाणेच करून दाखवा आणि मुले चुळबुळ करू लागण्यापूर्वीच थांबवा. ‘बाई, अजून थोडं’ असे वर्गातून आपणहून आले की दुसऱ्या दिवशी एक-दोन मिनिटे वाढवायची. केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या निपुण भारत अभियानात दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६० शब्दांचे वाचन अपेक्षित आहे, त्यामुळे घड्याळ लावण्याचा मोह मलाही होतो. ती मोजणी वेगळ्या वेळी करावी, स्वयंवाचनात घड्याळ आणू नये.

आता साहित्याकडे येते. आपल्याकडे पावसाळ्यात दोरीवरच्या वाचनालयातील, म्हणजे वर्गात दोरीला लटकवलेल्या पुस्तकांची दशा काय होते, हे आपण पाहतच असाल: कोपरे वळतात, पाने एकमेकांना चिकटतात, ओलीचा वास येतो, आणि मुले त्यांना हात लावेनाशी होतात. मी जूनमध्येच निम्मी पुस्तके कडुलिंबाचा पाला घालून पत्र्याच्या पेटीत ठेवते आणि ऑक्टोबरची उन्हे पडली की मुलांकडूनच ती व्हरांड्यात उन्हाला घालवते. त्या दिवशी वेगळा तास घ्यावा लागत नाही. पुस्तक झटकता-झटकता मुले तेथेच फतकल मारून वाचू लागतात, कारण चार महिने ती त्यांच्या नजरेआड असतात.

पण पुस्तकेच हवीत असेही नाही. आमच्या धक्क्यावरील होड्यांची नावे हा माझ्या वर्गाचा सर्वांत आवडता वाचनपाठ आहे. नावाआधीचे ‘श्री’ आणि नावामागचे ‘प्रसन्न’ यांतूनच तीन जोडाक्षरे हाती लागतात. मुले वहीत नावे उतरवून आणतात, शब्दपट्ट्या करतात आणि कोणत्या नावात कोणते जोडाक्षर दडले आहे ते जोडीने शोधतात. मासळीच्या शब्दांचेही तसेच. बांगडा, बोंबील आणि कोळंबी अनुस्वाराच्या टोपलीत जातात, पापलेट आणि रावस दुसऱ्या टोपलीत, आणि सुरमईतील शेवटची ई ऱ्हस्व की दीर्घ यावर खरोखरच वाद होतात. शाळा उघडते तेव्हा १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी चालू असते आणि अनेकांचे वडील घरीच जाळी विणत बसलेले असतात; त्या दिवसांत ‘बाबांना विचारून लिहा’ एवढे सांगितले तरी पान भरते.

एक गोष्ट मात्र मला उशिरा सुचली. जे मुलांना पाठ आहे तेच छापील पाहून वाचायला द्यावे. प्रतिज्ञा मुले रोज म्हणतात, पण पाठ्यपुस्तकातील प्रतिज्ञेवर बोट ठेवून एकेक शब्द वाचायला सांगितले तेव्हा दुसरीतील एक मुलगी ‘सौजन्याने’ या शब्दापाशी थांबली. वर्षभर ती ‘सवजण्यानं’ असे काहीतरी म्हणत होती. तिने तो शब्द तीनदा वाचला, शेजारणीला दाखवला आणि मग मला विचारले, ‘म्हणजे काय ओ बाई?’ त्यानंतर आठवडाभर वर्गात हे वेड होते. प्रार्थना, पाढे, आजीच्या ओव्या, जे जे तोंडपाठ ते ते लिहून आणायचे आणि आपण काय चुकीचे म्हणत होतो ते हुडकायचे.

लेखनात बोलीला मज्जाव करू नका. मुलाने ‘बाव’ लिहिली तर ती खोडू नये. फळ्यावर शेजारी ‘विहीर’ लिहावे आणि दोन्ही शब्द राहू द्यावेत. पहिल्याच ओळीवर लाल रेघ ओढली गेली की त्या वहीत दुसरी ओळ येत नाही.

आता खऱ्या वाचकाविषयी. जोडवर्गाला आपण अडचण समजतो, पण दुसरीच्या मुलाला ऐकणारा माणूस हवा असतो आणि पहिलीचे मूल ते आनंदाने करते. अडखळत वाचणारी मुलेसुद्धा धाकट्यांना वाचून दाखवायचे असेल तर आदल्या दिवशी ते पान दोनदा वाचून येतात. गणपतीला आलेले चाकरमानी मुंबईला परतले की मी काका-मामांना पोस्टकार्डे लिहून घेते. कार्ड ५० पैशांना मिळते, पत्ता घरून आणायचा असतो, आणि उत्तर आले की ते वर्गात सर्वांसमोर वाचण्याचा मान त्या मुलाचा असतो.

मात्र सर्वांत टिकाऊ ठरली ती पिशवी. आमच्याच केंद्रातील, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातील, दुसऱ्या एका शाळेच्या बाईंशी ठरवून शिक्षकांच्या दर महिन्याच्या शिक्षण परिषदेला मी माझ्या मुलांच्या चिठ्ठ्यांची कापडी पिशवी नेते आणि त्यांची घेऊन येते. दोन्ही गावे खाडीच्या दोन तीरांवर आहेत, मुलांनी एकमेकांना पाहिलेले नाही. ‘तुमच्याकडे आंब्याला मोहर आला का’, ‘आमच्या शाळेत घोणस निघाली’ इतक्या छोट्या चिठ्ठ्या असतात, पण आता ‘बाई, झालं’ ऐवजी ‘बाई, त्यांना हे कळेल का?’ असा प्रश्न येतो आणि मूल स्वतःच शब्द दुरुस्त करते. या वेळात आपण फेऱ्या मारून वह्या तपासू नयेत. दोन-तीन अडणाऱ्या मुलांना घेऊन कोपऱ्यात बसावे, बाकीच्यांना त्यांचे काम करू द्यावे.

पिशवी सुरू केलीत तर एवढे कटाक्षाने पाळा की प्रत्येक चिठ्ठीला उत्तर आलेच पाहिजे. पहिल्याच वर्षी एका मुलाची चिठ्ठी तिकडे कोठेतरी राहून गेली. त्याने पिशवी उलटी करून झटकली, आत हात घालून शिवण चाचपली आणि काही न बोलता जागेवर जाऊन बसला. मी त्या बाईंना संध्याकाळी फोन केला, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी गावातून येणाऱ्या एका पालकाच्या हाती त्याच्या नावाची चिठ्ठी पाठवून दिली.