मायल क्रीक हत्याकांडात निर्दोष सुटलेल्यांवर जॉन ह्युबर्ट प्लंकेट यांनी परत खटला कसा काय चालवला?

दुसऱ्या बळीच्या खुनाचा वेगळा आरोप ठेवून. 10 जून 1838 ला ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स या ब्रिटिश वसाहतीत मायल क्रीकला साधारण 28 आदिवासी मारले गेले, त्यात बायका आणि लहान मुलंही होती. पहिल्या खटल्यात 11 जणांवर मुख्य आरोप होता तो 'डॅडी' नावाच्या एका म्हाताऱ्याच्या खुनाचा, आणि ज्युरीने पंधरा-वीस मिनिटांत सगळ्यांना सोडलं. प्लंकेट तेव्हा ॲटर्नी जनरल, म्हणजे वसाहत सरकारचे मुख्य वकील, त्यांनी सुटकेनंतरही आरोपींना कोठडीतच ठेवायला लावलं आणि त्यातल्या सात जणांवर एका मुलाच्या खुनाचा नवा खटला भरला. प्रत्येक खून हा स्वतंत्र गुन्हा, त्यामुळे 'एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला' हा बचाव टिकला नाही आणि 18 डिसेंबर 1838 ला सातही जणांना फाशी झाली. या खटल्यांची सविस्तर वार्तापत्रं तेव्हाच्या सिडनीच्या पेपरांत छापून आलीयेत, ती वाचता येतात. गोऱ्या वसाहतवाल्यांचं जनमत पूर्ण विरोधात असताना आयर्लंडहून 1832 मध्ये आलेल्या एका कॅथलिक वकिलाने हे केलं, माझ्या मते मुख्य ख्रिस्ती पंथांना सारखी सरकारी मदत देणाऱ्या 1836 च्या चर्च ॲक्टपेक्षाही त्यांचं हेच काम मोठं आहे.

पण पूर्ण न्याय झाला असं समजू नका. उरलेले चार जण सुटलेच, मारेकऱ्यांच्या टोळीचा म्होरक्या जॉन फ्लेमिंग कधी सापडलाच नाही, आणि आदिवासींची साक्ष कोर्टात चालावी म्हणून 1839 मध्ये केलेला कायदा लंडनने नामंजूर केला.